उत्सवाचा केर आणि त्रिकोणातील आकडा

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की महाराष्ट्रातील घराघरांत लगबग सुरू होते. मखराचे सामान येते. कापूर, उदबत्त्या, वाती, अष्टगंध, गुलाल येतो. नारळ, गूळ, तांदळाची पिठी आणि पेढ्यांचे पुडे येतात. पूर्वी यांतील बहुतेक वस्तू केळीच्या पानात, पळसाच्या द्रोणात, कागदाच्या पुडीत अथवा फडक्यात बांधून मिळत. आज त्यांतील जवळजवळ प्रत्येक वस्तूला प्लॅस्टिकचे काही ना काही आवरण असते. श्रींना निरोप दिल्यावर मूर्तीची माती पाण्यात विरते, पत्री मातीत मिळते. आवरण मात्र मागे राहते, आणि ते आपल्या नातवंडांच्या काळातही राहणार आहे. सणाच्या मंगल वातावरणात केराचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु पूजेआधी घर सारवण्याची, झाडण्याची आणि पूजेनंतर निर्माल्याची नीट व्यवस्था लावण्याची शिकवण आपल्याच परंपरेने दिली आहे. त्या शिकवणीला धरूनच आम्ही हा विषय सुज्ञ वाचकांपुढे मांडीत आहोत.

त्यास सद्यःस्थितीचेही निमित्त आहे. प्लॅस्टिकच्या प्रदूषणाला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय करार करावा, असा ठराव मार्च २०२२ मध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत झाला. त्यानंतर वाटाघाटींच्या अनेक फेऱ्या झाल्या. २०२४ च्या अखेरीस बुसान येथील आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हा येथील बैठक मात्र एकमताविना संपली. उत्पादनालाच मर्यादा घालावी, की केवळ कचऱ्याची विल्हेवाट सुधारावी, हा त्यातील मुख्य वाद होता. जगातील मुत्सद्द्यांना जे साधले नाही, त्याचा भार अखेर गृहिणीच्या केराच्या डब्यावर येऊन पडतो. म्हणूनच त्या डब्यात पडणाऱ्या वस्तूंवरील खुणा काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे झाले आहे.

त्रिकोणाची जन्मकथा

डब्याच्या तळाशी अथवा बाटलीच्या बुडाशी तीन बाणांचा एक लहानसा त्रिकोण असतो आणि त्याच्या पोटात १ ते ७ यांपैकी एक आकडा. हा त्रिकोण दिसला की वस्तू पुनःपुन्हा वापरात येणार, तिच्यापासून नवी वस्तू घडणार, असा समज सर्वत्र रूढ आहे. हा समज चुकीचा आहे. तो कसा रूढ झाला, हे समजण्यासाठी थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

एकमेकांचा पाठलाग करणाऱ्या तीन बाणांचे मूळ चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन या अमेरिकन विद्यार्थ्याने काढले. पुठ्ठ्याची खोकी बनविणाऱ्या एका मोठ्या कंपनीने त्या वर्षी स्पर्धा ठेवली होती आणि तिच्यात हे चिन्ह पहिले आले. त्याचा संबंध कागदाशी होता. पुढे १९८८ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योजकांच्या संघटनेने तशाच बाणांच्या त्रिकोणात आकडे घालून प्लॅस्टिकची जात ओळखण्याची पद्धत सुरू केली. कचरा निवडणाऱ्या केंद्रांना ही बाटली कोणत्या राळेची आहे हे चटकन कळावे, एवढाच तिचा हेतू होता. आकडा वस्तूचे कूळ सांगतो. तिचा पुढला जन्म कोणता, हे तो सांगत नाही.

परंतु ग्राहकाने बाण पाहिले आणि त्यांतून आश्वासन वाचले. हा घोटाळा पुढे इतका वाढला की, या पद्धतीची देखरेख ज्या अमेरिकन मानक संस्थेकडे गेली होती, तिने २०१३ साली बाण काढून त्यांच्या जागी साधा भरीव त्रिकोण आणला. २०२१ साली कॅलिफोर्निया राज्याने तर, जी वस्तू प्रत्यक्षात गोळा होऊन पुन्हा घडविली जात नाही तिच्यावर बाणांचे चिन्ह छापण्यास बंदी घालणारा कायदा संमत केला. आपल्याकडील साच्यांतून मात्र जुने बाण अजूनही उमटत आहेत.

सात आकडे, सात कुळे

आता हे आकडे घरातील वस्तूंच्या आधाराने पाहू.

१ हा आकडा पाण्याच्या व सरबताच्या पारदर्शक बाटल्यांवर आणि गोड्या तेलाच्या अनेक बाटल्यांवर असतो. हे पेट. भंगारवाल्याच्या तराजूत याला मान आहे. याचा चुरा करून, धुऊन, वितळवून त्यापासून धागा काढतात. तोच पॉलिएस्टरच्या कापडात अथवा उशीच्या भरणात जातो. २ हा आकडा शांपू, फिनेल, कपडे धुण्याचा द्रव यांच्या जाड, अपारदर्शक बाटल्यांवर व पिंपांवर असतो. यालाही गिऱ्हाईक चांगले असते. बादल्या, नळ्या, कुंड्या अशा वस्तू त्यापासून घडतात.

३ म्हणजे पीव्हीसी: नळाचे पाइप, विजेच्या तारांवरील वेष्टन, मंडळांचे फलक. ४ म्हणजे पातळ व मऊ पॉलिथिन. दुधाची पिशवी ही त्याची घरोघरची ओळख. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलिन: दह्याचे डबे, स्वयंपाकघरातील बरण्या, तांदळाच्या विणलेल्या गोण्या, प्लॅस्टिकची सुतळी आणि उदबत्तीच्या पुड्यावरचा चुरचुरणारा चकचकीत कागद, जो वास्तविक कागद नसतोच. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन. फुगवून हवा भरली की त्याचेच थर्माकोल होते.

७ म्हणजे उरलेले सारे. सहांत न बसणाऱ्या आणि अनेकांचे मिश्रण असणाऱ्या वस्तू येथे येतात. वेफर्सच्या आणि मसाल्याच्या अनेक पुड्यांत प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमचा वर्ख आणि पुन्हा प्लॅस्टिक असे थर एकमेकांस घट्ट चिकटवलेले असतात. माल कुरकुरीत राहतो हे खरे. पण हे थर पुन्हा सुटे करणे व्यवहारात परवडत नाही. अशा पुड्या भट्टीत इंधन म्हणून अथवा फार तर रस्त्याच्या कामात जातात. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकच्या चुऱ्याचा लेप देऊन मग डांबर मिसळण्याची रीत शोधली. त्यांना २०१८ साली पद्मश्रीने गौरविण्यात आले. उपाय उपयुक्त आहे. परंतु रस्त्यात गेलेली पुडी पुन्हा पुडी होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ही कुळे एकत्र का चालत नाहीत, हे सुगरणीला सांगावे लागू नये. ज्या आचेवर चिरोटे तळायचे त्या आचेवर पाक होत नाही. पॉलिथिन सुमारे ११० ते १३० अंशांवर वितळते, पॉलिप्रॉपिलिन १६० च्या आसपास, तर पेटला २५० अंशांपर्यंत तापवावे लागते. त्या उष्णतेत पीव्हीसीचा अल्पसा अंश जरी राहिला, तरी तो करपून आम्ल सोडतो आणि पेटचा सारा घाणा नासवितो. म्हणूनच कारखान्यात जाण्यापूर्वी जाती वेगळ्या कराव्या लागतात. काही ठिकाणी हे काम पाण्यावरही होते: पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके म्हणून तरंगतात, पेट व पीव्हीसी जड म्हणून बुडतात. पेटच्या बाटलीचे बूच निराळ्या जातीचे असते ते असे सुटते. परंतु पेट व पीव्हीसी दोन्ही बुडत असल्यामुळे त्यांची निवड पाण्यावर होत नाही.

आणखी एक खुलासा आवश्यक आहे. त्रिकोणातील आकडा वस्तूत गरम पदार्थ ठेवावा की न ठेवावा, हे सांगत नाही. अन्नाच्या संपर्कास योग्य अशा वस्तूंवर पेला व काटा यांची निराळी खूण असते. तीही गरम पदार्थाची हमी देत नाही. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत उकळते दूध अथवा पातळ डब्यात कढत शिरा भरणे टाळावे, हे उत्तम. प्रसादासाठी घरातील स्टीलचा डबा कोणत्याही आकड्याहून अधिक निर्धोक आहे.

कायद्याची वाटचाल

महाराष्ट्राला या प्रश्नाची जाणीव एका आपत्तीने करून दिली. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडाले. पुराची कारणे अनेक होती. त्यांत पिशव्यांनी तुंबलेल्या गटारांचाही वाटा असल्याचे सर्वांनी पाहिले. पुढच्याच वर्षी राज्याने अविघटनशील कचऱ्यासंबंधीचा कायदा केला व पिशवीची जाडी किमान ५० मायक्रॉन ठरविली. देशाच्या नियमांत हीच किमान जाडी १९९९ साली २० मायक्रॉन होती. ती २०११ साली ४०, २०१६ साली ५०, सप्टेंबर २०२१ अखेरपासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली.

जाडीवर एवढा भर का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर कचरा वेचणाऱ्या बाईच्या मजुरीत आहे. तीन ग्रॅमची पातळ पिशवी धरली, तर एक किलो भरण्यास तीनशेहून अधिक पिशव्या वेचाव्या लागतात. वीस-पंचवीस ग्रॅमच्या बाटल्या चाळीस-पन्नास झाल्या की किलो होतो. ती बाटली उचलते आणि पिशवी गटारात राहते, यात तिचा दोष काय? पिशवी जाड झाली की ती महाग होते, म्हणून कमी वाटली जाते, आणि टाकली तरी उचलण्याजोगी होते, असा हा हिशेब आहे.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लॅस्टिक व थर्माकोलच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली. दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतमूल्य छापण्याची तरतूद त्याच अधिसूचनेत होती. त्या वर्षी गणेशोत्सवाच्या तोंडावर थर्माकोलच्या मखरांसाठी सवलत मागणारे व्यावसायिक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ती दिली नाही. १ जुलै २०२२ पासून तर सजावटीचे थर्माकोल, प्लॅस्टिकचे झेंडे, ताटे, पेले, चमचे, मिठाईच्या खोक्यांवर व निमंत्रणपत्रांवर गुंडाळलेला पारदर्शक पापुद्रा, १०० मायक्रॉनहून पातळ फलक यांवर देशभर बंदी आली. ही यादी वाचली, की उत्सवाच्या मांडवात यांपैकी किती वस्तू आजही दिसतात, हे वाचकांनी स्वतःच्या मनाशी ताडून पाहावे.

याच काळात उत्पादकांवरही जबाबदारी आली. फेब्रुवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जो उद्योग आपला माल प्लॅस्टिकमध्ये बांधून विकतो, त्याने तेवढ्या प्लॅस्टिकची विल्हेवाट लावल्याची प्रमाणपत्रे सादर करावयाची असतात. कठीण वेष्टनांत २०२५-२६ पासून ३० टक्के पुनर्निर्मित प्लॅस्टिक असावे, असेही त्यात आहे. तत्त्व योग्य आहे. अंमलबजावणीत मात्र उणिवा आहेत. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत काही कारखान्यांनी काढलेली सुमारे ६ लाख खोटी प्रमाणपत्रे आढळली. जेथे मालाऐवजी कागदाचा व्यापार होतो, तेथे केराचा डोंगर जागचा हलत नाही.

खूण कोणासाठी?

वेष्टनावरील माहितीसंबंधीही एक नवा बदल झाला आहे. उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक, वेष्टनाची जाडी हा तपशील प्लॅस्टिकवर छापावा, असा नियम होता. १ जुलै २०२५ पासून तो तपशील बारकोड अथवा क्यूआर कोड यांतून किंवा माहितीपत्रकातून देण्याचीही मुभा मिळाली आहे. तपासनीसाला यामुळे मालाचा माग काढणे सोपे जाईल, हे आम्हांस मान्य आहे. परंतु निवडीच्या ओट्यावर एका तासात शेकडो वस्तू हाताळणारी कामगार बाई प्रत्येक पिशवीपुढे भ्रमणध्वनी धरणार काय? घरातील आजीबाई चष्मा सावरून तो चौकोन कसा वाचणार? जी खूण हाताळणाऱ्याला वाचता येत नाही ती दफ्तरापुरतीच उरते. यंत्रासाठी चौकोन जरूर असावा; त्याच्या शेजारी माणसासाठी ठळक मराठीत दोन शब्द असावेत: 'सुका कचरा', 'मिश्र थर', 'पुन्हा घडत नाही'. ग्राहक मंडळांनी व लोकप्रतिनिधींनी ही मागणी लावून धरावी, असे आमचे मत आहे.

'विघटनशील' अथवा 'कंपोस्टयोग्य' या शब्दांबाबतही सावध राहिले पाहिजे. अशा पिशव्यांपैकी अनेक मोठ्या खतप्रकल्पात, सुमारे ५८ अंश उष्णता टिकवून धरली तरच कुजतात. परसातील खड्ड्यात अथवा नदीच्या पाण्यात त्या दीर्घकाळ तशाच राहू शकतात. नावात 'हरित' आहे म्हणून त्यांत निर्माल्य बांधून नदीत सोडण्याचे समाधान खोटे आहे.

सणातील आचार

काही वाचक विचारतील की, वर्षभर कचरा होत असता सणांकडेच बोट का दाखवावे? प्रश्न रास्त आहे. २०२०-२१ सालच्या सरकारी आकडेवारीनुसार देशात वर्षाला सुमारे ४१ लाख टन प्लॅस्टिक कचरा निर्माण झाला. तो काही दहा दिवसांच्या उत्सवाने नव्हे. तथापि सणाच्या दिवसांत घराची शिस्त सर्वांत जागी असते. सोवळ्यातील वस्तू वेगळी, उष्टे-खरकटे वेगळे, निर्माल्य केरात पडू नये, हे आपल्या घरांत लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. कचरा वेगळा करणे म्हणजे याच विवेकाचा विस्तार होय.

पहिली गोष्ट निर्माल्याची. फुले, दूर्वा, पत्री यांचे उत्तम खत होते. पण प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ती दिली, तर आत हवा न जाता कुजतात, आणि निर्माल्य कलशापाशी कोणाला तरी ती गाठ हाताने सोडावी लागते. निर्माल्य टोपलीत अथवा कागदात न्यावे आणि मोकळे करून द्यावे. हारातील जरीचा दोरा, चमकी व तार आधी काढून ठेवावी. प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा स्वस्त वाटतात. पण त्यांत तार, कापड व निरनिराळे प्लॅस्टिक एकत्र गुंफलेले असल्याने त्यांना भंगारातही कोणी विचारीत नाही.

दुसरी गोष्ट गाईची. उरलेला भात, पोळी, फळांच्या साली पिशवीत बांधून कोपऱ्यावर ठेवल्या, की गाय ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक तिच्या पहिल्या पोटात साठते, पुढे सरकत नाही आणि पचतही नाही. पोट भरलेले असूनही ती उपाशी मरते. हा प्रश्न २०१२ साली एका याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढेही गेला होता. गोग्रास वाढणाऱ्या घरातून अशी गाठ मारलेली पिशवी बाहेर पडावी, याहून मोठी विसंगती कोणती?

तिसरी गोष्ट जाळण्याची. बंबात अथवा शेकोटीत प्लॅस्टिक टाकण्याची सवय अद्याप गेलेली नाही. पीव्हीसी जळताना आम्लधूर आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निघतात. ज्या अग्नीला आपण आहुती देतो, त्यात हे घालणे धर्माला व आरोग्याला सारखेच अहितकारक आहे.

चौथी गोष्ट धुण्याची. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये. तो पिशवीला लागून राहू द्यावा, कारण सुटा पडलेला कपटा कोणीही वेचत नाही. पिशवी भांडी घासल्यानंतरच्या पाण्यात विसळून दोरीवर वाळवावी. तेलाची बाटली निथळून, बूच वेगळे करून ठेवावी. खरकटी पिशवी संबंध पोत्यातील माल खराब करते. स्वच्छ व कोरडी पिशवी कोणाच्या तरी घरची चूल पेटविते. २०१६ च्या नियमांत कचऱ्याचे ओला, सुका व घातक असे तीन वाटे होते. २०२६ च्या नव्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी व विशेष काळजीचा असे चार सांगितले आहेत. घरात निदान पहिले दोन तरी कधीही एकत्र होऊ नयेत.

हे सारे ज्यांच्या हाती जाते, त्या माणसांचाही विचार व्हावा. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली उभी राहिली आणि पुढे त्यांतूनच घरोघरचा कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली. यंत्राने जे साधले नसते, ते या स्त्रियांच्या बोटांनी साधले आहे. काचेचा तुकडा कागदात गुंडाळून द्यावा, सॅनिटरी कचरा वेगळा बांधून त्यावर खूण करावी, एवढी माणुसकी तरी त्यांच्या वाट्यास यावी.

आधी टाळावे, मग निवडावे

शेवटी एक कटु सत्य सांगितले पाहिजे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण झाले, आणि त्यातून झालेल्या कचऱ्यापैकी अवघ्या ९ टक्क्यांचेच पुनर्निर्माण झाले. वितळवून पुन्हा घडविताना प्लॅस्टिकचा कस बहुधा उतरत जातो. बाटलीचा धागा होतो, धाग्याचे चिंधूक होते आणि ते चिंधूक केरात जाते. तेव्हा त्रिकोण पाहून निर्धास्त होण्यापेक्षा वस्तू घरात येण्यापूर्वीच विचार करणे अधिक श्रेयस्कर. कापडी पिशवी, तेलासाठी घरची बरणी, प्रसादासाठी पळसाचे द्रोण, मखरासाठी कापड, बांबू व पुठ्ठा ही आपली जुनीच सामग्री आहे. उत्पादकांनी व शासनाने आपापले कर्तव्य करावे म्हणून आग्रह धरणे आणि आपल्या उंबरठ्याच्या आत आपले कर्तव्य करणे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी व्हावयास हव्यात. एकीची सबब सांगून दुसरी टाळता येणार नाही.

यंदा श्रींच्या आगमनाआधी प्रत्येक घरातील मुलांनी डब्यांचे व बाटल्यांचे तळ उलटून त्यांवरील आकडे वाचावेत, त्यांची यादी करावी आणि कोणत्या वस्तू पुढच्या वर्षी आणावयाच्या नाहीत ते घरातील वडीलधाऱ्यांसह ठरवावे. विघ्नहर्त्याकडे विघ्ने दूर करण्याची प्रार्थना करताना, आपण स्वतः निर्माण केलेले एवढे एक विघ्न आपल्याच हातांनी कमी केले, तर त्या पूजेस अधिक अर्थ येईल. सर्व वाचक कुटुंबांना हा उत्सव मंगलदायी व निर्मळ जावो, हीच सदिच्छा.